एका बाजूचे मासे

१

समुद्री माशांच्या पिल्लांचा प्रकल्प नाशिकच्या कॉलेजला कुणी आणि का दिला, हे सृष्टीला कधीच उमगलं नाही. दिला खरा, आणि दिल्यापासून तिच्या डोक्याला ताप झाला. प्राणिशास्त्राच्या विभागात ‘नाही’ म्हणता न येणारी माणसं दोनच होती, ती आणि महेश. म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. स्टाफरूममध्ये भेटेल तो विचारायचा, “काय मॅडम, आपल्या गोदावरीत सुरमई लागली का?” पहिल्यांदा ती हसली होती. आता नुसती बघायची.

दर महिन्याला ओहोटीची वेळ साधून दोघं भाड्याच्या गाडीने निघत आणि त्र्यंबक, जव्हार करत डहाणूकडच्या एका किनाऱ्यावर पोचत. गाडीवाला मागच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरून ठेवी आणि तरीही परतताना नाकाला रुमाल लावून बसे. काम तसं सोपं होतं. दोन काठ्यांना बांधलेलं बारीक विणीचं जाळं. एक काठी सृष्टीने घोटाभर पाण्यात धरायची, दुसरी घेऊन महेशने छातीभर पाण्यापर्यंत जायचं आणि अर्धगोल घालून परत फिरायचं. महेश सायखेड्याचा, नदीकाठी वाढलेला. पाण्याचं त्याला काही वाटत नसे.

जाळ्यात येणारी पिल्लं बोटभर, काही तर नखाएवढी. बोई, मुडदुशी, घोळ, रावस. मोठेपणी ज्यांना बाजारातलं कुणीही ओळखेल, ते सगळे या वयात सारखेच दिसतात. काचेसारखं अंग आणि दोन काळे डोळे. महेश विद्यार्थ्यांना सांगायचा, “किनारा म्हणजे यांचं पाळणाघर. उथळ पाण्यात मोठ्याला वळायला जागा नसते, म्हणून लहान इथे येऊन राहतात. खोलात राहिला तो संपला.”

दिवाळीनंतरच्या फेरीत मात्र जाळं ओढावंच लागलं नाही. महेश छातीभर पाण्यात पोचून नुकता कुठे किनाऱ्याकडे वळला होता, तेवढ्यात सृष्टीच्या पायांशी पाणी चमचमायला लागलं. पिल्लं आपण होऊन येत होती. तिच्या घोट्यांना आपटत होती, पायांमधून पुढे घुसत होती. काही तर पाणी संपलं तरी थांबली नाहीत. कोरड्या वाळूवर चढून तडफडत राहिली.

“अरे महेश, हे बघ काय झालंय!”

महेशने ऐकलं नाही. तो पुन्हा तिच्याकडे पाठ करून उभा होता. मान मागे टाकून वर बघावं, तसा समुद्राकडे बघत होता. समोर समुद्र तर सपाट होता.

“महेश! काठी धर नीट, जाळं सुटतंय!”

तो वळला, निवांत चालत आला. “पाठीला एकदम कोमट पाणी लागलं गं,” एवढंच म्हणाला. मग वाळूवरची पिल्लं बघून खूश झाला आणि दोन्ही बादल्या भरायला लागला.

२

पुढचं काम नाशिकला. पिल्लं आधी फॉर्मॅलिनमध्ये, मग धुऊन स्पिरिटच्या बरण्यांमध्ये. मग एकेक काढायचं, मायक्रोस्कोपखाली धरायचं, परांचे काटे मोजायचे, आणि हे घोळीचं की कुणाचं यावर डोकं खाजवत बसायचं. प्रयोगशाळेच्या मोठ्या टेबलाला खिडकीच्या बाजूला सृष्टी बसायची, समोर महेश. त्याच्या पाठीमागे भिंतभर काचेचं कपाट, त्यात कॉलेजच्या जुन्या माशांच्या बरण्या. मधे टेबलावर नव्या.

बाहेर सिंहस्थाच्या नावाने रस्ता खणून ठेवलेला. दिवसभर ड्रिलिंगचा आवाज. ट्यूबलाइट फडफडणारी. अहवालाची तारीख डोक्यावर. त्यात एका सकाळी सृष्टीच्या लक्षात आलं की टेबलावरच्या सगळ्या बरण्यांमधली पिल्लं एका बाजूला जमलीत. तिच्या बाजूला. काचेला चिकटून, एकावर एक, जणू बरणी तिरपी धरून कुणी हलकेच पालथी करता करता थांबलंय.

तिने लताबाईंना बोलावलं. लताबाई विभागाच्या जुन्या शिपाई. त्यांचं आणि सृष्टीचं रोज कशावरून तरी वाजायचंच.

“लताबाई, बरण्या कशाला हलवल्या?”

“म्या? मी नाय हात लावला.”

“मग हे सगळे एका बाजूला कसे गेले?”

लताबाईंनी वाकून बघितलं. “मेलेले हायेत ना ते?”

“मेलेलेच आहेत.”

“मग मला काय इचारता? त्यांना इचारा.” आणि त्या फडकं झटकत निघून गेल्या.

महेश हसून लोटपोट झाला. सृष्टीने चिडून प्रत्येक बरणी उचलली, गोल फिरवली, पिल्लं खाली बसेपर्यंत ती थांबली. मग हात धुतले आणि चहा प्यायला गेली. परत आली तर सगळी पुन्हा तिच्याच बाजूला. महेश समोर बसून काटे मोजत होता.

३

सृष्टी काही घाबरणाऱ्यांतली नव्हती. तिला राग येत होता. जे नीट समजायला हवं ते समजत नाही, याचा राग. तिने मोबाइलवर पातळी बघायचं ॲप टाकलं; टेबल सरळ होतं. खणण्याच्या हादऱ्यांनी सरकत असतील म्हणावं, तर रविवारी काम बंद होतं आणि तरीही तेच. उन्हाने स्पिरिट एका बाजूने तापत असेल म्हणून तिने खिडकीला जुना पडदा लावला. पडद्याची धूळ नाकात जाऊन दोन दिवस शिंका आल्या. पिल्लं जागची हलली नाहीत.

“सोड ना गं,” महेश म्हणाला. “कुठल्या बाजूला आहेत ते अहवालात लिहायचंय का?”

“मला कळायला हवं.”

“तुला सगळंच कळायला हवं असतं.”

मग महेश आतेभावाच्या लग्नाला गेला. पहिल्याच सकाळी सृष्टी आली तेव्हा बरण्यांमधली पिल्लं तळाशी पसरली होती. मेलेल्या माशांनी पडावं तशी, कशीही, वेडीवाकडी. तिला इतकं बरं वाटलं की तिने लताबाईंना स्वतःहून चहा पाजला. लताबाईंना संशय आला, पण त्यांनी घेतला.

लग्न उरकून महेश परतला त्या दिवशी ती एका बरणीवर चिठ्ठी चिकटवत होती. खाली त्याच्या मोटरसायकलचा ओळखीचा खडखडाट आला आणि थांबला. मग जिन्यावर पावलं.

तिच्या हातातल्या बरणीत एक पिल्लू तळावरून उठलं. पाठोपाठ दुसरं. पोहत नव्हती ती; अंगं तशीच ताठ, डोळे तसेच पांढरट. पाण्याने ढकलल्यासारखी सरकत आली आणि तिच्या तळव्याच्या बाजूच्या काचेला येऊन टेकली. सगळी. मग दार उघडलं.

“काय मॅडम,” महेश म्हणाला, “लाडू आणलेत.”

४

तिने त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? इतकी वर्षं ओळखत होती ती त्याला. एम.एस्सी.ला तिची फी भरायची राहिली तेव्हा ऑफिसात तिच्यासाठी भांडलेला हा माणूस. तिच्या मुलीला सायकल शिकवलेला. त्याला काय म्हणायचं, मासे तुला भितात?

“उजेड डोळ्यांवर येतोय,” ती म्हणाली. “जागा बदलू या आज.”

तो उठून खिडकीकडे आला, ती कपाटाकडे गेली. काही वेळ काहीच झालं नाही आणि ती मनातल्या मनात स्वतःला झापू लागली. मग समोरच्या बरणीतला घोळका सुटला, मधून गेला आणि अलीकडच्या काचेला, तिच्या नाकासमोर येऊन दाटला. तिने टेबलावर हात आपटला.

“काय झालं?”

“काही नाही. लेबल चुकलं.”

त्यानंतर तिला नको ते दिसायला लागलं. कँटीनमध्ये महेश बसला की शेजारच्या बाकावरची पोरं बोलता बोलता पुढच्या बाकावर जायची. कुणी त्याच्याकडे बघायचं नाही, कुणाला आपण उठलो हेही कळायचं नाही. वर्गात तो फळ्याशी उभा राहिला की पहिल्या दोन रांगा रिकाम्या. लिफ्टमध्ये तो चढला की कुणाला तरी जिनाच बरा वाटायचा. हेही ती झटकून टाकायची. पोरं मागे बसतातच. लिफ्ट जुनीच आहे.

एके दिवशी डबा खाताना तिने पाहिलं की ती स्वतःच खुर्ची मागे घेत घेत खिडकीच्या गजांना टेकलीय. डबा टेबलावर राहिला होता, हात पुरत नव्हता.

महेशनेही पाहिलं. त्याने त्याच्या डब्याचं झाकण लावलं.

५

“सृष्टी, मला दिसतं सगळं,” तो म्हणाला. “तुला वाटलं मला कळत नाही?”

तिने खुर्ची पुन्हा टेबलाशी ओढली.

“आई नांदगावला मावशीकडे जाऊन राहिलीय. म्हणते, घरात जीव गुदमरतो. घर तेच आहे. मीच आहे. कुत्रं नाही उभं राहत माझ्या बाजूला.”

“डॉक्टरकडे गेलास?”

“काय सांगू डॉक्टरला? मासे लांब पळतात?” तो हसला, पण डोळे थकलेले होते. “आणि ऐक. माझ्यापासून नाही पळत ते. मी बघितलंय. मी भिंतीला पाठ लावून बसलो की जरा सैल पडतात. भिंतीपासून हललो की पुन्हा दाटतात. माझ्या मागे काहीतरी आहे.”

“महेश, पुरे.”

“त्या दिवशी पाण्यात मी वळून बघितलं ना, तेव्हापासून. पाण्यात काही नव्हतं. खरंच नव्हतं, समुद्र होता फक्त. पण बघितलं मी.” त्याने मान खाजवली. “आता मला दिसत नाही. आरसा लावला, मोबाइल लावला. मी वळलो की तेही वळतं. पाठ कोमट असते सारखी. तू समोर बसतेस माझ्या. इतके दिवस बसतेस. माझ्या मागे काय दिसतं तुला?”

सृष्टीचा संयम सुटला. आधी ड्रिलिंग, मग अहवाल, मग लताबाई, आणि आता हा शहाणासुरता माणूस असलं काही बोलतोय. “कपाट दिसतं!” ती ओरडली. “कपाट आहे तुझ्या मागे, महेश! बरण्या आहेत, धूळ आहे, आणि आपल्याला अहवाल द्यायचाय!”

“नीट बघ ना,” तो म्हणाला. “एकदाच. माझ्यासाठी.”

इतक्या हळू आवाजात तो कधी काही मागत नसे. म्हणून तिने चष्मा पुसला आणि त्याच्या खांद्यावरून बघितलं.

६

भर दुपार होती. कपाटाच्या काचांवर स्वच्छ उजेड पडलेला. कपाटात खालपासून वरपर्यंत बरण्या, एकेका बरणीत कुणी कधी आणलेले जुने पिवळट मासे. इतके दिवस तिने त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

डावीकडच्या बरण्यांमधले मासे डाव्या काचेला चिकटले होते. उजवीकडचे उजव्या. वरच्या फळीवरचे झाकणाला तोंडं लावून उभे होते, खालच्या फळीवरचे तळाशी दबलेले. आणि मधल्या बरण्यांत, महेशच्या पाठीपासून सुरू होऊन वर पसरत गेलेल्या मोठ्या जागेत, बरणीच्या मध्यावर एकही मासा नव्हता. नुसतं स्वच्छ द्रव.

थव्यात मोठा मासा शिरला की थवा असाच फाटतो. मधे पोकळी राहते, आणि तिचा आकार आत शिरलेल्याचा असतो.

पिल्लं ओळखायची सवय लागलेला तिचा डोळा आपोआप कामाला लागला. तोंड कुठे? पर कुठे, शेपूट कुठे? आकार भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा होता. तिला काही बसवता येईना. हा कुठल्याच माशाचा आकार नव्हता, किंवा असेल तर त्याचं मोठेपणीचं रूप तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

मग तिच्या डोळ्यांसमोर तो अरुंद होऊ लागला. दोन्ही कडांच्या बरण्यांमधले मासे काचा सोडून हळूहळू सैल पडले. पोकळी आवळत आवळत महेशच्या डोक्यावर उंच, बारीक अशी उरली. याचा अर्थ समजायला तिला एक क्षण जास्तच लागला. बाजूने रुंद दिसणारा मासा अरुंद दिसायला लागतो, ते तो तुमच्याकडे तोंड करतो तेव्हा.

“काय दिसलं?” महेशने विचारलं.

“कपाट,” ती म्हणाली.

महेशने श्वास सोडला. खांदे उचलून पाहिले, मान दोन्हीकडे फिरवली. “खरं सांगू? पाठ हलकी वाटली एकदम. बोललो म्हणून असेल.” तो उठला, हेल्मेट घेतलं. दाराशी स्टुलावर पिल्लांची एक छोटी बरणी होती, ती त्याने सहज उचलली आणि डोळ्यांसमोर धरली. आतली पिल्लं तळाशी पडून राहिली. त्याने ती पाठीमागे नेली, परत पुढे आणली. पडूनच.

त्याचा चेहरा उजळला. मग त्याची नजर टेबलाकडे गेली, आणि सृष्टीचीही.

टेबलावरच्या बरण्यांमधली पिल्लं तिच्या बाजूची काच सोडत होती. एकेक करत मध्यावरून पलीकडे जात होती. तिच्यापासून लांबच्या काचेवर गर्दी होत होती.

“महेश,” ती म्हणाली.

त्याने वर बघितलं नाही. हेल्मेटचा पट्टा नीट करत राहिला. पट्टा नीटच होता.

“आईला आणायला जायचंय नांदगावला,” तो म्हणाला. बरणी त्याने अलगद खाली ठेवली आणि दार न लावता निघून गेला.

खिडकीतून तिला तो आवार ओलांडताना दिसला. पोरांचा एक घोळका धावत आला, त्याला धडकला, एकाने ‘सॉरी सर’ म्हटलं. त्याने त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि हात तसाच ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला.

७

लताबाई किल्ल्या वाजवत आल्या त्या उंबऱ्यावरच थांबल्या.

“मॅडम, बंद करायचं ना? उन्हं कलली.”

“या ना आत.”

“नको. हितंच बरी हाय.” त्यांनी पदराने गळा पुसला. “का कोण जाणे, आत यावंसं वाटत नाय आज. तुमची तब्येत बरी हाय ना?”

सृष्टी टेबलाशी उभी होती. काय करायचं ते तिला कळून चुकलं होतं. फार सोपं होतं ते. एवढंच म्हणायचं, लताबाई, माझ्या मागे जरा बघा. लताबाई कुरकुरत का होईना, बघतील. सांगितलेलं सगळं त्या कुरकुरत करतातच. मग ती घरी जाईल, मुलीला जवळ घेईल. महेशने तिला जाणूनबुजून बघायला लावलं की त्यालाही माहीत नव्हतं, हे तिला कधी कळणार नव्हतं. पण तिला स्वतःला आता माहीत होतं.

“लताबाई,” ती म्हणाली.

“बोला.”

शब्द तोंडाशी आले. लताबाईंनी मान तिरकी केली. “मागं काय हाय? काही पडलं का?” आणि त्यांची नजर तिच्या खांद्याकडे सरकायला लागली.

“बघू नका!” सृष्टी केवढ्याने तरी ओरडली. “खाली बघा! खाली! जा तुम्ही, कुलूप मी लावते!”

लताबाईंच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. “आता बघायचं बी नाय का माणसानं?” त्या म्हणाल्या. “रोजचं झालंय हे. उद्या मी साहेबांना सांगून दुसऱ्या डिपार्टमेंटला जाते.” त्या किल्ल्या तिथेच टाकून तरातरा निघून गेल्या. त्यांचं पुटपुटणं जिन्याने खाली उतरत गेलं. ते पूर्ण विरेपर्यंत सृष्टी ऐकत राहिली. इतक्या वर्षांत लताबाईंचा आवाज तिला पहिल्यांदाच हवासा वाटला.

फोन वाजला. नवरा होता, बुद्धभूषण.

“निघालीस का? ही तुझी वाट बघत दारात बसलीय. तू आल्यावरच जेवणार म्हणते.”

“तिला आत घे,” सृष्टी म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. “मी आले की दारात कुणी येऊ नका. तिला आतल्या खोलीत घेऊन बस, टीव्ही लाव. माझ्याकडे बघूसुद्धा नका.”

“का गं? काय झालं?”

“काही नाही रे. माशांचा वास येतोय अंगाला.”

तो हसला. “रोजच येतो. बरं, आंघोळ झाल्यावर तरी बघू का?”

तिच्या समोरच्या बरण्यांमध्ये पिल्लं लांबच्या काचेला दाटून होती, आणि अजून दाटत होती.

“बुद्धभूषण,” ती म्हणाली, “तिला आत घेतलंस का?”